टेबलावरच्या संगणकासाठी परवडणारे सबवूफरसह स्पीकर : गाणे ऐकण्यासाठी कोणते घ्यावेत?

षड्ज

नमस्कार. कर्वेनगरमध्ये आमच्या घरी १० फूट बाय १२ फुटांची एक खोली आहे आणि तिच्यात भिंतीला लागून असलेल्या टेबलावर डेस्कटॉप संगणक आहे. वडील निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दोन-तीन तास तिथे बसून शास्त्रीय गायनाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतात. त्यांतली बरीचशी त्यांच्या स्वतःच्या कॅसेटवरून मी संगणकावर उतरवून घेतली आहेत. आजवर मॉनिटरमधल्या स्पीकरवर भागवले, पण त्यावर डग्गा जवळपास ऐकूच येत नाही आणि तानपुऱ्याची नुसती झणझण कानावर पडते. ज्यांनी वर्षानुवर्षे सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात बसून गाणे ऐकले, त्यांना असे ऐकावे लागते याचे मला वाईट वाटते.

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक २.१ संच मागवला होता, म्हणजे दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर, खालचे जड स्वर वाजवणारी पेटी. त्याचा धमाका मोठा होता, पण पुरुष गायकाचा आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा यायचा आणि मधूनच तो टेबलाखालून येतो आहे असे वाटायचे. आठ महिन्यांत तो बंद पडला. सेवा केंद्रात तीन खेपा घातल्यावर सुटा भाग मिळत नसल्याचे सांगून त्यांनी तो तसाच परत दिला.

आता ६ हजार रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ब्लूटूथची गरज नाही, चित्रपट किंवा खेळ यांच्यासाठीही नको, केवळ गायन आणि अधूनमधून व्याख्याने ऐकायची आहेत. किती वॉटचा संच पुरेल? सबवूफर खरोखर हवा का? आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा खालच्या कुटुंबाला त्रास होणार नाही यासाठी काय करता येईल?

डागडुजी

मी बुधवार पेठेत अनेक वर्षे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर काय छापले आहे यावरून न देता, संच उघडल्यावर आत काय सापडते यावरून देतो.

पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल शक्ती, या अक्षरांपुढे छापलेला आकडा पूर्णपणे विसरा. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॉट मिळू शकतात, आणि त्याच सॉकेटवर चालणाऱ्या संचावर ५,००० वॉट लिहिलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. पाहायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे संच सतत, आवाज न फाटता देऊ शकेल ती शक्ती. तोही छापलेला नसेल तर तो संच तिथेच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्त २.१ संचात मला बहुतेकदा टीडीए २०३० या जातीच्या तीन आयसी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपा, सापडतात, दोन लहान स्पीकरांसाठी आणि एक सबवूफरसाठी. अशी एक आयसी चांगल्या स्थितीत १४ वॉटच्या आसपास देते. पण तिन्हींना मिळून पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्ट, २ अँपिअरचा असतो, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट-अँपिअर, आणि त्यातला मोठा वाटा हीटसिंकवर उष्णता होऊन जातो. शेवटी स्पीकरपर्यंत २५ ते ३० वॉट पोहोचले तरी खूप झाले.

आणि तेवढे तुम्हाला पुरून उरतील. टेबलाशी बसणारा माणूस स्पीकरपासून दोन-तीन फुटांवर असतो. साधारण स्पीकर १ वॉटमध्ये १ मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि एवढा आवाज दोन तास ऐकवणार नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून २५ वॉट आणि ४० वॉट यांतल्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते पैसे स्पीकरच्या पेटीवर आणि तिच्यातल्या आवाज करणाऱ्या गोल पडद्यावर खर्च झालेले बरे.

तुमचा जुना संच टाकून दिला नसेल तर तो उघडून पाहण्यासारखा आहे. आठ महिन्यांत बंद पडलेल्या संचात पुष्कळदा फिल्टरचा कपॅसिटर फुगलेला असतो किंवा आयसी हीटसिंकवर नीट बसवलेली नसते. भाग मिळत नाही असे होत नाही, दोन्ही तपकीर गल्लीत सहज मिळतात.

आवर्तन

वॉटचा प्रश्न डागडुजी यांनी नीट सोडवला आहे, पण पुरुष गायकाचा आवाज टेबलाखालून येतो ही तुमची तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यामागचे कारण कळले तर संच कसा निवडायचा हे आपोआप कळेल.

पुष्कळ पुरुष गायक काळी एकमध्ये गातात, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज (सा) असतो. त्यांचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, मंद्र पंचम १०४ च्या आसपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज मात्र २०८ हर्ट्झच्या आसपास येतो. हे आकडे मनात ठेवून संचाकडे पाहा. कुठल्याही २.१ संचात एक सीमारेषा असते, तिच्याखालचे स्वर सबवूफर वाजवतो आणि वरचे लहान स्पीकर वाजवतात. चित्रपटगृहाच्या धर्तीवरच्या मोठ्या घरगुती संचांमध्ये ही सीमा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवतात, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे ओळखता येत नाही. पण ज्या संचाचे लहान स्पीकर मुठीएवढे आहेत आणि ज्यांचा पडदा जेमतेम दोन इंचांचा आहे, त्यांना १५० किंवा कधी २०० हर्ट्झच्या खाली उतरताच येत नाही, म्हणून सीमा तिथपर्यंत वर ओढावी लागते.

म्हणजे काय होते ते पाहा. गायक मध्य सप्तकात षड्जावर स्थिर झाला की त्याच्या स्वराचा पाया टेबलाखालच्या पेटीतून येतो आणि त्याच स्वराचे वरचे अंश टेबलावरच्या स्पीकरमधून येतात. एक माणूस दोन जागी बसून गातो आहे असे वाटते. १३९ हर्ट्झचा आवाज कुठून येतो हे कानाला चांगले कळते, त्यामुळे वडिलांना जे वाटत होते ते अगदी बरोबर होते. गायिकेच्या ध्वनिमुद्रणांत हाच दोष त्यांना फारसा जाणवला नसेल, हे जरा विचारून पाहावे.

यावरून माझा सल्ला असा, की दुकानात सबवूफरकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी लहान स्पीकरचा पडदा मोजावा. तो तीन इंचांचा असेल तर मानवी आवाजाचा बराचसा भाग टेबलावरच राहील. दुसरे म्हणजे सबवूफरचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची चकती असायलाच हवी. कारखान्यातून येणारे संच दुकानातल्या पहिल्या दोन मिनिटांत छाप पाडण्यासाठी खर्ज वाढवून दिलेले असतात, आणि तो कमी करता येत नसेल तर रोजच्या ऐकण्यात डोके दुखते.

प्रसिद्ध नावांचा अंदाज यावा म्हणून सांगतो : लॉजिटेकचा झेड २१३ हा ७ वॉट आरएमएसचा आहे, झेड ३१३ हा २५ वॉटचा आणि झेड ३३३ हा ४० वॉटचा. क्रिएटिव्हचा पेबल प्लस हा ८ वॉटचा असून यूएसबीवर चालतो. लॉजिटेकचाच झेड ६२३ हा २०० वॉटचा आहे, पण तुमच्या खोलीला आणि तुमच्या खर्चाला तो फार मोठा होईल.

शनिवारपेठकर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. केवळ गायन ऐकायचे असेल तर सबवूफर नसलेला, चार इंची पडद्याचा चांगला २.० संच का घेऊ नये? माझ्याकडे एडिफायरचा आर १२८०टी आहे. त्यात प्रत्येक पेटीत खालच्या स्वरांसाठी चार इंचांचा वूफर आणि तीव्र स्वरांसाठी वेगळा ट्वीटर आहे, एकूण शक्ती ४२ वॉट आरएमएस. त्यात गायकाचा आवाज दोन जागी फाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो संपूर्ण आवाज एकाच पेटीतून येतो. डग्ग्याची मींड, म्हणजे त्याचा घसरत जाणारा स्वर, त्यावर मला स्वच्छ ऐकू येते. किंमत तुमच्या मर्यादेच्या वर जाते हे खरे, पण थोडे थांबून घेता येत असेल तर जरूर विचार करा.

आवर्तन

शनिवारपेठकर यांच्या म्हणण्याशी मी तत्त्वतः सहमत आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. तशा पेट्या खोल असतात, आणि भिंतीला टेकलेल्या टेबलावर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना त्या ठेवल्या की कीबोर्डपुढे जागा उरत नाही. शिवाय अशा पुष्कळ पेट्यांना मागच्या बाजूला हवेचे भोक असते. ते भिंतीला चिकटले तर खर्ज घुमतो, आणि ज्या दोषापासून पळायचे तोच पुन्हा घरात येतो. सहा हजारांत चांगला २.१ संच नीट लावून वडिलांना समाधान मिळू शकेल, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट, जिचा संचाशी संबंध नाही पण ऐकण्याशी आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर लहान स्पीकरला वाजवता येत नसला तरी त्या तारेचे वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू मूळ षड्ज मनात उभा करतो. म्हणून मॉनिटरच्या स्पीकरवरसुद्धा वडिलांना षड्ज कळत होता, फक्त त्याचे वजन जाणवत नव्हते. सबवूफरकडून आपल्याला तेवढेच वजन हवे आहे. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी गायक भोंग्यात गाऊन तबकडी करीत. त्या काळची ध्वनिमुद्रणे संग्रहात असतील तर ती ऐकताना सबवूफर सरळ बंद करावा. त्या तबकड्यांवर खर्ज जवळपास नाहीच, सबवूफर फक्त तबकडीची घरघर मोठी करून देईल.

खालचा मजला

मी प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो आणि वरच्या घरात सबवूफर आहे. त्यांचे गाणे आम्हाला ऐकू येत नाही, शब्द तर अजिबात नाहीत. ऐकू येते ती फक्त स्लॅबमधून उतरणारी धडधड, आणि ती कानापेक्षा छातीत जास्त जाणवते. आईला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे दुपारची तिची झोप काही महिने पार मोडली होती.

आम्ही भांडण केले नाही. वर जाऊन चहा घेता घेता सांगितले, आणि त्यांनी लगेच पेटीखाली जाड रबराच्या चकत्या घालून ती भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढली. त्रास निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण काही आवाज हवेतूनही येतो. तुम्ही संच घेण्याआधीच खालच्या कुटुंबाचा विचार केला, हे वाचून मला मनापासून बरे वाटले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र १० वाजता सुरू होते. परंतु खर्जाच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नका. संच लावल्यावर एकदा खाली जाऊन स्वतः ऐकून या.

षड्ज

सर्वांचे आभार. वडिलांना विचारले. गायिकांच्या ध्वनिमुद्रणांत तो दोष कमी वाटत होता, असे त्यांनी क्षणाचाही विलंब न करता सांगितले. शनिवारी त्यांना घेऊन तपकीर गल्लीत जाणार आहे. दुकानात नेमके काय ऐकावे आणि काय तपासावे?

डागडुजी

आपले गाणे आपण घेऊन जावे. वडिलांना पाठ असलेली तीन ध्वनिमुद्रणे पेन ड्राइव्हवर आणि फोनवर घ्या : एक पुरुष गायकाचे विलंबित (संथ लयीतले), एक गायिकेचे, आणि एक असे ज्यात तबला स्पष्ट आहे. दुकानदार आपणहून जे लावतो ते त्या संचावर छान वाजते म्हणूनच निवडलेले असते.

आधी अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात शब्द कळत असतील आणि डग्गा ऐकू येत असेल तर संच चांगला. मग फोनवर ३० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर वाजवा, असे अ‍ॅप फुकट मिळते. तो चढताना एकाच ठिकाणी पेटी अचानक ओरडली आणि पुढे मलूल झाली, तर डग्ग्याची प्रत्येक थाप त्याच एका सुरात ऐकू येईल. पेटीच्या भोकातून हवेचा फसफसाट किंवा पत्र्याची थरथर येत असेल तर तो नग घेऊ नका. त्यानंतर काहीही न वाजवता आवाजाची चकती हळूहळू पूर्ण फिरवा. फिरवताना खरखर आली तर चकतीतला कार्बनचा ट्रॅक खराब आहे. सबवूफर उचलून पाहा. प्लॅस्टिकपेक्षा लाकडी भुश्याच्या जाड फळीची पेटी कमी थरथरते. लहान स्पीकरच्या वायरी साध्या पिनेच्या किंवा क्लिपच्या आहेत ना, हेही पाहा, कारण कंपनीचा स्वतःचा वेगळ्याच आकाराचा कनेक्टर असेल तर तीन वर्षांनी वायर तुटल्यावर अडचण होते. संच अ‍ॅडॉप्टरवर चालणारा असेल तर अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. पक्के बिल घ्या आणि हमीपत्रावर शिक्का तिथेच मारून घ्या.

षड्ज

शनिवारी मंडईच्या वाहनतळावर गाडी लावून वडील आणि मी तपकीर गल्लीत गेलो. पाचपैकी दोन दुकानांत स्वतःचे गाणे लावू दिले. दुसऱ्या दुकानात वडील स्टुलावर बसून डोळे मिटून जवळजवळ अर्धा तास ऐकत होते आणि दुकानदाराने एकदाही घाई केली नाही, उलट गिऱ्हाईक आल्यावर त्याने हातानेच जरा थांबायची खूण केली.

चार संच ऐकले. त्यांपैकी सर्वांत जास्त वॉट लिहिलेला संच वडिलांनी पहिल्या आलापातच नाकारला. निवडलेला संच दिसायला अगदी साधा आहे. मॉडेल दर वर्षी बदलतात, म्हणून नावापेक्षा मापे देतो : लहान स्पीकरचा पडदा तीन इंची, सबवूफर पाच इंची आणि लाकडी पेटीत, एकूण ३० वॉट आरएमएस, खर्जासाठी आणि तीव्र स्वरांसाठी वेगवेगळ्या चकत्या, लहान स्पीकरच्या वायरी साध्या क्लिपच्या, एक वर्षाची हमी. पक्क्या बिलासह ५,४०० रुपये पडले.

घरी आणून लावल्यावर मात्र एक बारीक सलग घूं ऐकू येते आहे. दुकानात ती नव्हती. शिवाय माऊस हलवला की कुरकुर येते. नग बदलून आणावा का?

डागडुजी

इतक्यात नको. दोन्ही दोष बहुधा संचाचे नाहीत. माऊसची कुरकुर येते म्हणजे तुम्ही कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या छिद्रात पिन घातली असावी. तिथून मदरबोर्डपर्यंत जाणारी वायर कॅबिनेटमधला विजेचा गोंगाट गोळा करते. मागच्या बाजूला हिरवे छिद्र आहे, त्यात पिन घाला. सलग घूं हा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज असतो. संगणक एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर असेल तर अर्थिंगच्या दोन वाटांमधून तो आत शिरतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. काही लोक घूं घालवण्यासाठी संगणकाची तिसरी पिन काढून टाकतात. तसे कदापि करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

आवर्तन

जागेविषयी थोडे लिहितो. सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका. तुमच्या १२ फुटी लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फुटी रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. छतही १० फुटांवर असेल तर ५६ चा फुगवटा आणखी वाढेल, आणि कोपऱ्यात ठेवलेली पेटी या सगळ्यांना एकदम जागे करते. पेटी टेबलाखाली दोन्ही लहान स्पीकरांच्या मधोमध, भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवा, म्हणजे गायकाच्या आवाजाचा खालचा भाग आणि वरचा भाग एकाच दिशेने येतील. लहान स्पीकर कानाच्या उंचीला आणा, त्यासाठी खाली दोन जाड पुस्तके पुरतील, आणि त्यांची तोंडे वडिलांच्या खुर्चीकडे वळवा.

वायरी क्लिपच्या आहेत म्हणून एक तपासणी आवश्यक आहे. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर गायक मधोमध न बसता दोन्ही बाजूंना विरघळल्यासारखा वाटतो आणि खर्ज पातळ होतो. खर्जाची चकती पूर्ण खाली घेऊन पुरुष गायकाचे विलंबित लावा आणि वडिलांना हळूहळू वाढवायला सांगा. पेटी वाजते आहे हे कळू लागले की तिथून थोडे मागे यावे.

षड्ज

पिन मागच्या हिरव्या छिद्रात घातली, दोन्ही उपकरणे एका बोर्डवर घेतली. कुरकुर पूर्ण गेली. घूं आता कान पेटीला लावला तरच ऐकू येते. डाव्या स्पीकरची वायर खरोखरच उलटी लागली होती.

सबवूफरखाली गॅरेजमधून आणलेल्या जाड रबराचे चार तुकडे घातले आहेत. वडिलांनी चकती स्वतः लावली, ती पूर्ण पल्ल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरही गेलेली नाही. मग त्यांना ऐकत ठेवून मी खाली गेलो. खालच्या काकूंनी बसायला सांगितले, पंखा बंद केला, आणि आम्ही दोघे पाच मिनिटे गप्प बसून ऐकत होतो. डग्गा अगदी पुसट जाणवत होता, तोही लक्ष देऊन ऐकले तर. दुपारी दोन ते चार त्या झोपतात असे कळले, म्हणून वडिलांनी ऐकण्याची वेळ चारनंतरची केली आहे.

काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कॅसेटवरचा एक विलंबित ख्याल लावला होता. मी स्वयंपाकघरात होतो. त्यांनी मला हाक मारून बोलावले आणि म्हणाले, "इथे मागे तानपुऱ्यावर बसलेल्या बाईंनी मध्येच तार जुळवली आहे, बघ. आजपर्यंत कळलं नव्हतं."

जुना संच या आठवड्यात डागडुजी यांच्याकडे घेऊन येतो. दुरुस्त झाला तर मुलीच्या खोलीत व्याख्यानांसाठी लावीन.

डागडुजी

जरूर आणा. येताना त्याच्या लहान स्पीकरच्या वायरीही सोबत घ्या, पुष्कळ जण नुसती पेटी घेऊन येतात आणि मग तपासताच येत नाही.